आबांचा तोल

(होळीच्या आधी लोणखेडा येथे मंडळ्यांचे प्रतिनिधी व पाड्यांवरील आरोग्य-सेविका यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. ही तारीख का, तर इंग्रजी तीनचा आकडा कानाच्या पाळीसारखा दिसतो. तिसऱ्या महिन्याची तीन तारीख म्हणजे दोन कान झाले. आपल्याकडे ही तारीख होळीच्या आसपास येते, हे आपल्या सोयीचे आहे. ऊसतोडीला गेलेली माणसे होळीला घरी येतात. वर्षातून याच काही दिवसांत अख्खा पाडा एका जागी सापडतो.

बोलण्याआधी एक करू या. समोरचे गीतांचे पुस्तक उचला आणि कुठलेही पान उघडा. आता मान स्थिर ठेवून पुस्तक डावी-उजवीकडे भराभर हलवा. वाचता येते का? येत नाही, अक्षरे पुसट होतात. आता उलटे करा. पुस्तक स्थिर धरा आणि मान तितक्याच वेगाने हलवा. आता येते वाचता. बरोबर?

मलाही हे असेच एका प्रशिक्षणात दाखवले होते. सगळे हसत होते, पुस्तके हलवत होते. मी मात्र पुस्तक खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो. का, ते सांगण्यासाठीच आज उभा आहे.

मान हलवतानाही अक्षरे स्थिर दिसतात याचे कारण डोळ्यांत नाही, कानात आहे. कानाच्या आत, कवटीच्या हाडात, शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव आहे. ऐकण्याचे काम त्याचे. त्यालाच जोडून तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्या तोल सांभाळतात. दोन्हींत पाणी आहे आणि त्या पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या, डोक्यावर बारीक केस असलेल्या पेशी आहेत. ऐकण्याच्या शंखात अशा पेशी एका कानाला साधारण पंधरा हजार. आपण मान उजवीकडे वळवली की तोलाच्या नळ्यांतून डोळ्यांना निरोप जातो आणि डोळे तेवढेच डावीकडे वळतात. म्हणून जग जागच्या जागी राहते. तो निरोप बंद पडला, तर चालताना प्रत्येक पावलाला जग उड्या मारते.

माणसाच्या कानातली ही केसांची पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. कोंबडीची उगवते. खरेच सांगतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या संशोधकांना दिसले की कोंबडीच्या पिल्लांचे कान खराब झाले तरी काही दिवसांत त्यांत नव्या पेशी येतात. तेव्हापासून जगभर संशोधन चालू आहे की जे कोंबडीला जमते ते माणसाला का जमू नये. अजून जमलेले नाही.

आता माझ्या वडिलांविषयी.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. लोणखेड्याच्या पलीकडे एका शेतकऱ्याकडे ते सालदार होते. ऊस, केळी, कापूस. रात्रीची वीज असली की रात्री पाणी भरायला जायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्यांनी मोहाच्या दारूला हात लावला नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. लग्नात, भोंगऱ्या बाजारात, होळीत लोक आग्रह करायचे, ते पाणी पिऊन परत यायचे.

१९८८ साली त्यांना क्षय झाला. मी नऊ वर्षांचा होतो. त्या काळी गोळ्यांच्या बरोबर स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया असायच्या. दोन महिने ते रोज चालत जाऊन सुई घेऊन यायचे. खोकला थांबला, अंग भरले. आईने मंडळीत उपकारस्तुतीसाठी चिठ्ठी दिली. मला ती चिठ्ठी आठवते, कारण मीच लिहिली होती.

त्यानंतर आबा बदलले. दिवसा शेतात ठीक असायचे, पण अंधार पडला की भिंत धरून चालायचे. पाणी भरताना बांधावरून पडायचे, चिखलाने माखून यायचे. रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून आला तरी सलाम न करता निघून जायचे. मंडळीत गीत चालू असताना उभे राहिले आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले की बाक घट्ट पकडायचे. विचारले की एकच सांगायचे, "जमीन हलते."

तुम्हीच सांगा, रात्री भिंत धरून घरी येणारा आणि जमीन हलते म्हणणारा माणूस आपण काय समजतो?

मालकाने तेच समजले आणि पुढच्या वर्षी त्यांना सालावर ठेवले नाही. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनीही तेच समजले. ते घरी आले, प्रार्थना केली, मायेने समजावले. त्यांची नावे मी घेणार नाही, त्यांतले बहुतेक प्रभूमध्ये निजले आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. आबा खाली बघत ऐकत राहिले. पुढे ते प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसू लागले.

आणि मी? मी अकरा वर्षांचा असताना एका रात्री ते दारातच अडखळून पडले. मी त्यांना उठवायला गेलो आणि उठवता उठवता तोंड जवळ नेऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. त्यांना ते कळले. बिडीचा वास होता, दुसरा कुठलाही नव्हता. तरी मला वाटले, लपवले असेल काहीतरी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवला, नाकावरसुद्धा नाही.

२००३ साली आबा गेले. शेवटची काही वर्षे ऐकूही कमी येत होते. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते प्रशिक्षण झाले. तिथल्या बाईंनी पुस्तक हलवून दाखवले आणि म्हणाल्या, "काही औषधांनी कानातला तोल जातो. दिवसा डोळे सांभाळून घेतात, अंधारात माणूस पडतो. चालताना चेहरे ओळखता येत नाहीत. लोकांना वाटते हा दारू प्यायला आहे." औषधांच्या यादीत त्यांनी पहिले नाव घेतले स्ट्रेप्टोमायसिनचे.

मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला, डॉक्टर नाही. पण त्यानंतर जमेल तसे वाचत गेलो, समजले नाही ते डॉक्टरांना विचारत गेलो. जे सापडले ते तुम्हाला सांगतो.

स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली, अमेरिकेत. अल्बर्ट शॅट्झ नावाच्या तरुण विद्यार्थ्याने सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळे केले. तोवर क्षयाला औषध नव्हते. मेयो क्लिनिकमधील हिनशॉ आणि फेल्डमन यांनी १९४४च्या अखेरीस ते पहिल्यांदा क्षयरोग्यांना देऊन पाहिले. माणसे वाचली. पण याच डॉक्टरांनी आपल्या सुरुवातीच्या अहवालातच लिहून ठेवले की काही रोग्यांना चक्कर येते, तोल बिघडतो. म्हणजे हे १९४५ सालीच माहीत होते. मग औषधात थोडा बदल करून नवा प्रकार आणला, डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन. त्याने तोल कमी बिघडेल असे वाटले होते, पण ऐकणेच जाऊ लागले आणि तेही पुष्कळ जणांचे.

१९५२ साली वॅक्समन यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय मासिकात एका डॉक्टरने स्वतःचा अनुभव लिहिला. नावाच्या जागी फक्त जे. सी. ही आद्याक्षरे. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याने हेच औषध घेतले होते आणि त्याचा तोल कायमचा गेला होता. तो लिहितो की पलंगावर पडून वाचायचे तर डोके पलंगाच्या दोन सळयांमध्ये अडकवून ठेवावे लागे, कारण हृदयाच्या ठोक्यानेही अक्षरे उडत. रस्त्याने चालताना पाट्या वाचता येत नसत आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा दिसावा म्हणून त्याला थांबून उभे राहावे लागे.

हे वाचले तेव्हा मला आबा दिसले, सलाम न करता पुढे जाणारे. तो अमेरिकन डॉक्टर होता, त्याने लिहिले, छापून आले, आजही डॉक्टर ते वाचतात. आबांनीही तेच सांगितले होते, त्यांना येत होते तेवढ्या शब्दांत. ते आम्ही दारूच्या खात्यावर टाकले.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना तुम्हाला आठवत असेल. शिलोच्या मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटले ही प्यायली आहे. या गोष्टीवर मी स्वतः किती वेळा संदेश दिला असेल. दर वेळी हन्नेच्या प्रार्थनेवर बोललो. एलीकडे कधी पाहिले नाही. निदान हन्नेने उत्तर दिल्यावर एलीने ते मानले तरी.

तपासणीचे सांगायचे तर, ज्या साली आबांच्या सुया चालू होत्या त्याच १९८८ साली सिडनीच्या हलमागी आणि कर्थॉइज या दोघांनी एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. रोग्याने डॉक्टरांच्या नाकाकडे बघत राहायचे आणि डॉक्टरांनी त्याचे डोके दोन्ही हातांत धरून झटकन थोडेसे वळवायचे. तोल शाबूत असेल तर नजर नाकावरच राहते. गेला असेल तर नजर डोक्याबरोबर घसरते आणि मग उडी मारून परत येते. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. मात्र हे शिकलेल्या माणसानेच करायचे. मानेला इजा होऊ शकते, घरी जाऊन कोणी कोणाची मान फिरवू नका.

आणखी एक गोष्ट, विशेषतः भगिनींनी लक्षात ठेवावी. काही घराण्यांत या औषधांच्या थोड्याशा सुयांनीही माणसे बहिरी होत. चीन, जपानसारख्या देशांत डॉक्टरांना हे दिसत होते, कारण कळत नव्हते. १९९३ साली त्याचे मूळ सापडले. पेशीतल्या एका भागात, जो फक्त आईकडून मुलांना मिळतो, एका अक्षराएवढा बदल असतो. म्हणून तुमच्या आईला, मामाला, मावशीला किंवा सख्ख्या भावंडाला सुयांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर हे आपणहून सांगा. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका.

कोणी म्हणेल, भाऊ, जुन्या गोष्टी कशाला उकरता? तर त्या फार जुन्या नाहीत. २०१३ साली मुंबईत नंदिता वेंकटेशन नावाच्या तरुणीला आतड्याच्या क्षयाच्या उपचारात अशाच इंजेक्शनांनी बहिरेपण आले. ती भरतनाट्यम शिकलेली होती आणि ऐकू येईनासे झाल्यावरही तिने पुन्हा नृत्य केले, पत्रकार म्हणून काम केले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा तिसिले, जिला क्षयाच्या औषधांनीच बहिरेपण आले होते, आणि ही, अशा दोघींनी मिळून बेडाक्विलिन या गोळीच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली. कंपनी होती जॉन्सन अँड जॉन्सन. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. दोन बहिऱ्या मुली आणि एवढी मोठी कंपनी. मला दाविदाची गोष्ट आठवली, पण तो मोह आवरतो, पाळकसाहेब समोर बसले आहेत.

या गोळीचे महत्त्व असे की औषधांना दाद न देणाऱ्या क्षयातही तिच्यामुळे सुया टाळता येऊ लागल्या. साध्या क्षयाच्या फेरउपचारातला स्ट्रेप्टोमायसिनचा ठरीव कोर्स देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सांगितले, आणि त्यानंतर कॅनामायसिनही बाजूला झाले. २०२४ साली भारत सरकारने चार औषधांचा, फक्त गोळ्यांचा, साधारण सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. तेव्हा हे स्पष्ट ऐका आणि पाड्यावर सांगा: क्षयाच्या आजच्या गोळ्यांना घाबरून उपचार सोडायचा नाही. माझे भाषण ऐकून कोणी गोळ्या बंद केल्या तर मी आज इथे येऊन पापच केले असे होईल. उपचाराविना क्षय माणूस मारतो. आबा त्या सुयांमुळेच आणखी पंधरा वर्षे जगले, हेही तितकेच खरे आहे.

भीती दुसऱ्या ठिकाणी आहे. आपल्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला, असे म्हणतात. ताप आला, सुई. अंग दुखले, सुई. जखम झाली, सुई. जेंटामायसिन हे त्याच घराण्यातले औषध आहे. योग्य रोगात योग्य मात्रेत ते जीव वाचवते, नवजात बाळांनाही मोठ्या रुग्णालयात देतात. पण ज्याच्या हातात पदवी नाही अशाने मोटरसायकलवर येऊन दिलेल्या सुईत काय आहे, हे कोण पाहते? किडनी अशक्त असेल तर हे औषध अंगात साठते आणि कानाच्या पाण्यात जास्त दिवस राहते. औषध बंद केल्यावरही काही दिवस कान बिघडत जाऊ शकतो. म्हणून सुई घेताना नाव विचारा, कागदावर लिहून घ्या, रिकामी बाटली मागून घ्या. विचारण्यात अपमान नाही. सुयांच्या काळात कानात शिट्टी वाजू लागली, चालताना डोलल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

मुलांच्या वाहत्या कानांचे थोडक्यात सांगतो, कारण दुपारी डॉक्टर त्यावर सविस्तर बोलणार आहेत. कानातून पू येणे हे आपल्याकडे इतके नेहमीचे झाले आहे की आया ते आजारात धरतच नाहीत. तेल, पाल्याचा रस, आईचे दूध, काही म्हणजे काही कानात घालू नका. कान कोरडा ठेवा, नदीत डुंबताना जपा. पडद्याला भोक असेल तर दुकानातून आणलेले कुठलेही थेंब चालत नाहीत. काही थेंबांत हेच जेंटामायसिन असते. आणि वर्गात मागे बसून लक्ष न देणारे पोर ढ किंवा हट्टी ठरवण्याआधी त्याचे कान बघा. वसतिगृहातल्या मुलांना पावरी, भिली, मावची बोलता बोलता मराठी शिकायची असते. त्यात अर्धे शब्द ऐकूच आले नाहीत तर ते पोर काय करणार?

जन्मतः बहिऱ्या बाळांसाठी मुंबईत मोठे काम झाले आहे. डॉ. सँड्रा देसा सूझा यांनी १९८७ साली भारतातले पहिले कॉक्लिअर इम्प्लांट केले. डॉ. मिलिंद कीर्तने यांनी या शस्त्रक्रियेत अनेक वर्षे काम केले. दोघांनाही पद्मश्री मिळाली, त्यांना २०१४ साली, बाईंना २०२० साली. हे यंत्र मेलेल्या केसांच्या पेशींना वगळून थेट नसेला विजेचे इशारे देते. सरकारी योजनांतून मदतही मिळते. पण ते पहिल्या चार-पाच वर्षांच्या आत व्हावे लागते, कारण त्यानंतर मेंदूची भाषा शिकण्याची दारे हळूहळू मिटू लागतात. तोलासाठी मात्र असे यंत्र अजून सर्रास मिळत नाही. व्यायाम आहेत, १९४०च्या दशकात लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी सुरू केलेले. डोळे, मान आणि पावले यांना पुन्हा शिकवायचे. पूर्ण बरे होत नाही, पण माणूस सावरतो. आबांना कोणी ते शिकवले असते तर रात्रीचे पाणी भरणे नसते जमले, दिवसाचे काम टिकले असते असे मला वाटते.

त्या प्रशिक्षणानंतर मी घरी आलो आणि आईला सगळे सांगितले. मला वाटले ती रडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, "ते पीत नव्हते, मला ठाऊक होतं की. मी त्यांच्या शेजारी झोपायचे."

मी विचारले, "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले. मालकिणीला बोलले, मंडळीत बोलले. बायको सांगते म्हणून कोण मानतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू वास घेतला होतास ते त्यांनी सांगितलं होतं मला. म्हणाले, पोरगं हुशार आहे, तपासून घेतं."

बंधू-भगिनींनो, मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. आपल्या पाड्यावर ज्यांना पूर्वी क्षयाच्या सुया झाल्या आणि आता ऐकू कमी येते किंवा अंधारात चालता येत नाही, त्यांची नावे लिहा. लोक ज्यांना दारुडा म्हणतात त्यांतलीही लिहा. जे खरोखर पितात ते तपासणीत कळतीलच. वय, पाडा आणि सुया कोणत्या वर्षी झाल्या एवढे पुरे. घरच्या बाईला विचारून लिहा. नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात तपासणीला न्यायची गाडी होळीनंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता इथूनच सुटेल. त्यानंतर पुन्हा कामावर जाणारे निघून जातील, म्हणून नावे आजच हवीत. जेवणाआधी लिहून द्या.